सासूबाई लसीला ‘नाही’ म्हणतात, तेव्हा

पत्र :

डॉक्टरताई, सा. न.

आम्ही दांडिया बाजारात राहतो, तीन पिढ्यांपासूनचे बडोदेकर. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत शिकते. तिच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची, म्हणजे तो घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस द्यायला सांगितली आहे. माझी तयारी होती, ह्यांचंही ‘तू ठरव’ असं आहे. पण सासूबाई अडून बसल्या आहेत. त्या जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. २००९-१० साली आपल्याच जिल्ह्यात मुलींना ही लस टोचली, काही मुली गेल्या आणि मग सरकारनं सगळं बंद केलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. “तेव्हा आईबापांना कुणी धड विचारलं नव्हतं. माझ्या नातीवर प्रयोग नको,” असं म्हणतात. त्यातच दिरांनी घरच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला : अमेरिकेत पोलिओच्या लसीनंच पोलिओ झाला, पंजाबात लसीतून धनुर्वात झाला, जपाननं एचपीव्हीची लस गुंडाळली, वगैरे. खोटं असेल म्हणून शोधायला गेले, तर बरंचसं खरं निघालं. आता माझाच पाय मागे येतोय. बहीण म्हणते, सासूबाईंना न सांगता देऊन टाक. काय करू?

– एक आई, बडोदे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

बहिणीचा सल्ला मानू नका. लस जरूर द्या, पण सासूबाईंना सांगून द्या. दोन्ही गोष्टी मी ठामपणे सांगते आहे. का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरातला पेच ‘शिकलेली सून आणि जुन्या विचारांची सासू’ असा नाही. सासूबाई सांगतात ते घडलेलं आहे. दिरांच्या मेसेजमधलंही बरंच घडलेलं आहे. खऱ्या गोष्टी ऐकून माणूस धास्तावला असेल, तर त्याला ‘काही होत नाही हो’ म्हणून चालत नाही. त्या वेळी नेमकं काय झालं, कशामुळे झालं आणि त्यानंतर काय बदललं, हे त्याला कळायला हवं. असल्या मेसेजमध्ये पहिला भाग तेवढा असतो, पुढचं कुणी लिहीत नाही.

आधी आपल्या जिल्ह्याचं बोलू. २००९ च्या पावसाळ्यात ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेनं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या साथीनं दोन जिल्ह्यांत एचपीव्ही लसीचा प्रकल्प सुरू केला. एक तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला खम्मम आणि दुसरा आपला वडोदरा. मुली दहा ते चौदा वर्षांच्या. खम्ममला सुमारे १४ हजार, आपल्याकडे १० हजारांवर. लशी कंपन्यांनी फुकट दिल्या होत्या. या लशींना भारतात २००८ सालीच परवाना मिळाला होता, म्हणजे बाटलीतलं औषध चाचणीच्या पहिल्या पायरीवर नव्हतं. सरकारी यंत्रणेमार्फत ती हजारो मुलींपर्यंत कशी पोचवता येईल, हे बघायचं होतं. पण गरीब घरच्या, त्यातही मोठ्या संख्येनं आदिवासी मुलींवर असं काही ‘बघायचं’ असेल, तर त्यांच्या आईवडिलांना त्यांच्या बोलीत, त्यांना समजेल असं सांगायला हवं होतं. ते झालं नाही. आंध्रात वसतिगृहांच्या वॉर्डननी आणि मुख्याध्यापकांनी पालकांच्या जागी सह्या केल्या. गुजरातेतल्या हजारो संमतिपत्रांवर नुसते अंगठे होते. अंगठा उठवणाऱ्या बाईला काय सांगितलं गेलं होतं, ते त्या कागदावरून कळायला मार्ग नाही.

दोन्ही जिल्ह्यांत मिळून सात मुली दगावल्या, पाच आंध्रात आणि दोन गुजरातेत. एप्रिल २०१० मध्ये केंद्रानं प्रकल्प थांबवला. सरकारी चौकशीत मृत्यूंची कारणं तपासली गेली : खाणीच्या पाण्यात बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक पिणं, मलेरिया. लसीकडे बोट दाखवता येईल असं काही हाती लागलं नाही. एखाद-दुसऱ्या मृत्यूबद्दल मात्र तितक्या खात्रीनं कारण सांगता आलं नाही. चोवीस हजार मुलींवर काही महिने नजर ठेवली, तर लस दिलेली असो वा नसो, त्यांतल्या काही मुली कशानं ना कशानं जातात. ऐकायला कठोर वाटेल, पण आपल्या खेड्यांतलं ते वास्तव आहे. म्हणून लस दिलेल्यांत किती गेल्या आणि न दिलेल्यांत किती गेल्या, हे शेजारी शेजारी मांडून बघावं लागतं. त्यासाठी टोचल्यानंतर कुणाला काय त्रास झाला याची नोंद घरोघर जाऊन ठेवायला हवी होती, आणि नेमकी तीच व्यवस्था कच्ची होती. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं या प्रकल्पावर फार कडक शब्दांत अहवाल दिला. तो संमती कशी घेतली, देखरेख कुणी केली, परवानग्या कशा मिळाल्या यावर होता.

म्हणजे सासूबाईंचं “कुणी धड विचारलं नव्हतं” हे वाक्य संसदेच्या अहवालाशी जुळतं. ते त्यांना जरूर सांगा. आणि आणखी एक करा. त्या काळात त्यांच्या शाळेत काय झालं, ते त्यांना निवांत विचारा. तुमच्या पत्रात नाही, पण मला वाचताना वाटत राहिलं की कदाचित त्या स्वतःच वर्गात उभ्या असतील, मुलींना रांगेत लावणाऱ्यांमध्ये. तसं असेल तर त्यांच्या नकारात भीतीपेक्षा बोचणी जास्त आहे. शिक्षक माणसाच्या मनात अशी गोष्ट वर्षानुवर्षं राहते. त्या बोलतील तेव्हा मध्येच मोबाइल काढून लेख वाचून दाखवू नका. पूर्ण ऐका.

पुढची गोष्ट त्यांना बहुधा माहीत नसेल. त्याच सुमारास भारतात याच लसीचा एक वेगळा, मोठा अभ्यास सुरू होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा. अहमदाबाद, पुणे, आपल्या सोलापूरकडची बार्शी अशा नऊ ठिकाणच्या १७ हजारांवर मुली त्यात होत्या. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे तपासायचं होतं. खम्मम आणि वडोदऱ्याच्या गदारोळात एप्रिल २०१० ला हे लसीकरणही थांबलं, आणि पाच हजारांच्या आसपास मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी मात्र त्या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांची तपासणी करत राहिले. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष आला : एचपीव्हीच्या कॅन्सर घडवणाऱ्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एकाच डोसानं ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागे ज्या पुराव्यांचा आधार होता त्यांत या मुली होत्या. बार्शीच्या आणि अहमदाबादच्या मुली. आपल्या माणसांना हे फारसं कुणी सांगितलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता दिरांचा मेसेज.

पंजाबातल्या धनुर्वाताची गोष्ट आपल्या फार जवळची आहे, कारण ती लस मुंबईत बनली होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती मिळाली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. खापर हाफकिनवर आणि त्याच्या प्रयोगशाळेवर फुटलं, त्याला कामावरून दूर केलं गेलं. पण त्या दिवशी गावात काय घडलं याची नोंद होती : बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच बाटलीच्या बुचाला लावला गेला. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. लस मुंबईहून निघाली तेव्हा बाटलीत दोष होता असं दाखवणारं काही सापडेना. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिनची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कुठे त्याच्यावरचा डाग निघाला. परळची ती प्रयोगशाळा आज त्याच्याच नावानं ओळखली जाते.

एका पडलेल्या चिमट्यानं एकोणीस जीव गेले. आज तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर बंद पाकिटातली एकदाच वापरायची सुई असते, बहुतेक वेळा एकेका मुलीसाठी स्वतंत्र भरलेली कुपी किंवा सिरिंज असते, बाटली उघडल्यावर किती तासांनी ती टाकून द्यायची याचे नियम असतात. हे नियम असल्याच घटनांतून एकेक करून आले आहेत. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावी घटसर्पाच्या लसीच्या एका बाटलीत जंतू वाढले आणि १२ मुलं दगावली. अनेक डोसांच्या बाटलीत जंतुनाशक घालायची पद्धत त्यानंतर पक्की झाली.

पोलिओचं प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तिथे दोष कारखान्यातच होता. डॉ. जोनास साल्क यांच्या लसीची चाचणी १९५४ मध्ये अमेरिकेत झाली, तिच्यात १८ लाख मुलं होती. १२ एप्रिल १९५५ ला निकाल जाहीर झाला, आणि लोकांच्या आनंदाच्या भरात सरकारनं त्याच दिवशी, काही तासांतच, कंपन्यांना परवाने देऊन टाकले. साल्कची पद्धत अशी की पोलिओचा विषाणू फॉर्मेलिनमध्ये ठेवून मारायचा आणि मग त्या मेलेल्या विषाणूची लस करायची. कटर नावाच्या कंपनीच्या काही साठ्यांत विषाणूचे कण गाळात गुठळी होऊन राहिले. फॉर्मेलिन त्यांच्या आतपर्यंत पोचलं नाही आणि विषाणू जिवंत उरला. सव्वा लाखाच्या आसपास डोसांमधून तो मुलांच्या अंगात गेला. सुमारे ४० हजार मुलांना सौम्य पोलिओ झाला. ही मुलं आणि त्यांच्यापासून लागण झालेले घरचे-शेजारचे मिळून २०० च्या आसपास जण लुळे पडले, दहा गेले.

याहून चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. सरकारी प्रयोगशाळेत बर्निस एडी नावाची शास्त्रज्ञ या साठ्यांची तपासणी करत होती. लस टोचलेली माकडं लुळी पडलेली तिनं पाहिली होती, आणि परवाने देण्याच्या आधीच वरिष्ठांना तसं कळवलंही होतं. तिचं कुणी ऐकलं नाही. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. विज्ञानाला धोका दिसला होता, माणसांनी घाई केली. त्यानंतर मोहीम काही काळ थांबली, सगळे कारखाने नव्यानं तपासले गेले, गाळण्याची आणि जिवंत विषाणू शोधण्याची तपासणी फार कडक झाली. हे बदल झाल्यावर साल्कच्या पद्धतीची लस पुन्हा सुरू झाली, आणि आज आपल्या सरकारी लसीकरणात बाळांना जे पोलिओचं इंजेक्शन मिळतं ते त्याच पद्धतीचं आहे. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, हावड्यात.

दिरांना लिहिता आली असती आणि त्यांनी लिहिली नाही, अशी एक घटना मीच सांगते. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची लस आली, बाळांना जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरची. तिथे ना कारखान्याची चूक होती, ना सुईची. लसच काही बाळांच्या आतड्याला मानवत नव्हती, आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकायचा. प्रमाण दहा हजार बाळांत एक. चाचणीत असलेल्या काही हजार बाळांत एवढी विरळ गोष्ट नीट दिसलीच नव्हती. बाजारात आल्यावर डॉक्टरांनी कळवलेल्या पंधराएक घटनांवरून शंका आली. जुलै १९९९ मध्ये लस देणं थांबलं, ऑक्टोबरमध्ये ती बाजारातून गेली. पुढच्या रोटाव्हायरस लशींच्या चाचण्या प्रत्येकी साठ-सत्तर हजार बाळांवर झाल्या, हाच धोका आधी नीट मोजण्यासाठी. लसीमुळे काही विरळ त्रास होऊच शकत नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. झालेला त्रास कळवला जातो का आणि कळवल्यावर कोणी हलतं का, ते विचारा.

आणि जपान. तिथे २०१३ मध्ये काही मुलींना अंगदुखी, झटके, चालता न येणं असे त्रास झाल्याच्या बातम्या टीव्हीवर सतत दाखवल्या गेल्या. सरकारनं लस बंद केली नाही, पण ‘घ्या’ म्हणून सांगणं थांबवलं. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एक टक्क्याच्याही खाली आलं. नागोया शहरानं ३० हजारांच्या आसपास मुलींची पाहणी करवली. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत हे त्रास सारखेच निघाले. त्या मुलींचं दुखणं खोटं नव्हतं, पण त्याचं कारण लस नव्हती. २०२२ च्या एप्रिलपासून जपान सरकारनं पुन्हा शिफारस सुरू केली. मेसेजमध्ये २०१३ आहे, २०२२ नाही. मधल्या वर्षांत लस न मिळालेल्या मुलींपैकी सुमारे ५ हजार जणी पुढे आयुष्यात या कॅन्सरनं जातील, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जपाननं अशी किंमत आधीही मोजली होती. १९७५ मध्ये दोन बाळांच्या मृत्यूनंतर डांग्या खोकल्याची लस थांबवली. त्याआधी वर्षभरात चारशेच्या आत रुग्ण होते आणि मृत्यू नव्हता. १९७९ मध्ये १३ हजार रुग्ण झाले, ४१ गेले. शंका आली की थांबून बघणं बरोबरच आहे. पण तपासून झाल्यावरही थांबूनच राहिलं, तर त्या थांबण्यानंही माणसं मरतात. ती बातमीत येत नाहीत, एवढंच.

तुमच्या मुलीच्या लसीकडे येते. हिच्यात जिवंत विषाणू नसतो, मारलेलाही नसतो. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन वेगळं बनवून त्याचे पोकळ, गोल कण तयार करतात. आत विषाणूची जनुकं नसतात, त्यामुळे कटरसारखा प्रकार इथे होऊच शकत नाही, संसर्ग करायला आत काही नसतंच. २०१७ पर्यंतच जगात या लशींचे २७ कोटींहून अधिक डोस वितरित झाले होते. तीव्र ॲलर्जी दहा लाखांत एक-दोघींना होते, आणि ती बहुतेक वेळा टोचल्यावर काही मिनिटांतच दिसते, डॉक्टरांच्या देखत. मूल होण्यात अडचण येते ही कुजबूज आपल्याकडे फार आहे. त्यावर बरेच अभ्यास झाले, कुठेही तसं आढळलं नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो आणि ७५ हजारांहून जास्त जातात. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींची नोंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांच्यात या कॅन्सरची एकही केस नव्हती. मी बालरोगतज्ज्ञ. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या आया या आजारानं गेल्या. चाळिशीतल्या बायका होत्या. हे लिहिताना त्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आहेत, म्हणून मी तटस्थपणे ‘तुमचं तुम्ही ठरवा’ असं म्हणू शकत नाही.

पुण्यात बनलेली आपली लस २०२३ पासून उपलब्ध आहे, परदेशी लशीही आहेत. नऊ ते चौदा वयात साधारण सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात. एका डोसाबद्दल वर लिहिलंच आहे. तुमचे डॉक्टर काय सुचवतात ते विचारा.

डॉक्टरांकडे सासूबाईंना बरोबर घेऊन जा. आग्रह म्हणून नाही, त्यांच्या प्रश्नांसाठी. शिक्षिका आहेत, प्रश्न कागदावर लिहून आणतील. कोणती लस, कुठे बनलेली, कुठल्या तापमानात ठेवली आहे, बडोद्याच्या मे महिन्यात वीज गेली तर फ्रिजचं काय करता, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा आणि तुम्ही तो पुढे कळवता का. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि गोठली की वाया जाते. चांगला डॉक्टर असल्या प्रश्नांनी चिडत नाही. फ्रिज उघडून आतला थर्मामीटर दाखवेल, कुपीवरचा बॅच नंबर आणि मुदत तुमच्यासमोर वाचेल आणि कार्डावर लिहून देईल. चिडला, तर दुसरीकडे जा. लस तीच मिळेल. मुलीला आधी कुठल्या इंजेक्शनची किंवा यीस्टची तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर ते टोचण्याआधी सांगा. अंगात ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबा.

आणि मुलीला कोणी विचारलं आहे का? तुमच्या पत्रात तुम्ही आहात, हे आहेत, सासूबाई, दीर, बहीण आहेत, पण तिचं म्हणणं कुठेच नाही. बारा वर्षांच्या मुलीला समजतं. कशाची लस आहे, आत्ता का, दंड किती दुखेल, सगळं सांगा आणि आजीसमोर सांगा. २००९ मध्ये जे राहून गेलं असं आजींना वाटतं, ते त्यांच्या नातीच्या बाबतीत त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. मला वाटतं, कुठल्याही आकड्यापेक्षा त्यांना यानं जास्त बरं वाटेल. एवढं करूनही त्या नाहीच म्हणाल्या, तर “आई, तुमचं सगळं ऐकलं, सगळं विचारून घेतलं, आणि आम्ही दोघांनी ठरवलंय” असं सरळ सांगा. निर्णय शेवटी आईवडिलांचा आहे. ह्यांना ‘तू ठरव’ म्हणून बाजूला उभं राहू देऊ नका. आईशी बोलायचं काम मुलानंही करायला हवं.

त्या दिवशी मुलीला उपाशीपोटी नेऊ नका. या वयाच्या मुली इंजेक्शननंतर कधी कधी भोवळ येऊन पडतात. ते लसीच्या औषधामुळे नसतं, सुईच्या धास्तीनं रक्तदाब खाली जातो. बसवून किंवा आडवं करून टोचा म्हणावं, आणि नंतर किमान पंधरा मिनिटं, जमलं तर अर्धा तास, तिथंच बसा. माझ्याकडे एक उंच, खेळाडू मुलगी टोचून झाल्यावर हसत उठली आणि दारापाशी कोसळली. कपाळाला खोक पडली ती दाराच्या चौकटीनं. तेव्हापासून मी कोणालाही लगेच उठू देत नाही. दंड दोन दिवस ठणकेल, थोडी कणकण येईल, डोकं दुखेल. खेळाची स्पर्धा किंवा परीक्षा असेल तर दिवस मागेपुढे करा. याहून वेगळं काही वाटलं, अंगावर गांध्या, धाप, तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा आणि कार्ड बरोबर न्या.

एक राहिलं. ही लस मुलीसाठी आहे, तुमच्या वयाला तपासणी लागते. तिशीनंतर दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायची असते, सरकारी रुग्णालयात ती होते, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पत्रावरून अंदाज करते, तुम्ही आणि तुमची बहीण दोघीही त्या वयात आहात. दोघी मिळून एका सकाळी जाऊन या.